दोन डब्यांच्या मधली जागा

माझी भाची समुद्रपुराहून एसटीनं नाचणगावला आली ती पेन ड्राइव्ह घेऊन. त्यात तिच्या आईचं गाणं होतं. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. भाची अंगावर पीत होती तेव्हाच ती गेली. भाचीला आईचा चेहरा फोटोतला ठाऊक, आवाज अजिबात नाही. वस्तीतल्या बायांनी विहारात जयंतीची गाणी एका कॅसेटमध्ये भरली होती. ती कॅसेट कुणाच्या तरी पेटीत सापडली आणि पुलगावच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून मिळाली.

"फोनवर लावलं व मावशी, पन माय गाते का मांजर, तेच समजून नाई राह्यलं. तुह्या घरी मोठे डबे आहेत, म्हनून आली."

डबे म्हणजे आमच्या मालकांनी हौसेनं घेतलेले दोन स्पीकर. माणूस गेला, डबे राहिले. ते कपाटावर होते, वर मी भरतकाम केलेले जाड रुमाल. आमच्याकडे कापूस घरात भरतात, धूळ बसते. म्हणून टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर पदर.

गाणं लावलं, तर आवाज झाकण लावलेल्या कोठीतून आल्यासारखा.

"यायले थंडी वाजते का व?" म्हणत भाचीनं रुमाल ओढले.

आवाज मोकळा झाला, पण पातळ, खोलीभर सांडलेला. कुठून येतो ते सांगता येईना. भाची माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला खोटं बोलता येत नाही.

"ओळखू नाई येत," मी म्हटलं.

तिचं तोंड उतरलं. तरी तिनं डबे खाली घेतले, बसल्या माणसाच्या कानाशी येतील असे दोन स्टुलांवर ठेवले आणि मागच्या तारा पाहिल्या.

"ह्या कोनं लावल्या?"

"मी. जयंतीच्या आधी घर रंगवतो तेव्हा तारा काढतो, मंग भोक दिसलं का खुपसतो."

"लाल तार लालात, काळी काळ्यात! हा डबा उलटा आहे. एक हवा ढकलते तं दुसरा ओढते, मंग आवाज सांडते."

"दोन्ही वाजतात ना? मंग?"

तिनं तार बदलली आणि पुन्हा लावलं.

मी देव मानत नाही, भूतही नाही. पण दोन डब्यांच्या मधोमध, जिथं नुसती भिंत होती, तिथं माझी बहीण उभी राहिली. डबे मुके झाल्यासारखे वाटत होते. गाण्याआधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला. बांगड्या वाजल्या. मी उठून तिथं हात फिरवला. भिंतच लागली, आणि ती गातच होती.

मग मांजर ओरडलं. ते मांजर नव्हतं, तान्हं लेकरू होतं. बहिणीनं गाणं सोडलं आणि दबक्या आवाजात खेकसली, "चूप व सटवे, मले गाऊ दे!"

भाची थिजली. "हे कोनाले म्हनलं?"

"तुले. आनखी कोनाची पोरगी तिच्या मांडीवर होती?"

"जनमभर वाट पाह्यली, आन् मायनं शिवी देली!" ती हसली, नाक पुसलं. "पुन्हा लाव."

गाणं त्या दिवशी पुढे गेलंच नाही. तेवढं एकच वाक्य ऐकत बसलो. शेवटची एसटी चुकली.

यंदा जयंतीच्या आधी घर रंगवलं. डबे हलवायला मी नाही म्हटलं. त्यांच्या मधली तेवढी भिंत जुन्याच रंगाची राहिली.