अकराच्या तासाला हजर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट ठाऊक नाही.

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी बाई. मुकुंदवाडीतल्या एका शाळेत सातवीला शिकवायचे. लॉकडाऊनमध्ये वर्ग फोनवर आला आणि माझ्या या स्वभावाचं चांगलंच फावलं. सगळे कॅमेरे बंद, तास सुरू होताच सगळ्यांचं ‘हजर’ — आणि मग? ऐकतंय कोण, झोपलंय कोण? म्हणून मी शिकवताना मधेच विचारायचे, आज माझ्या साडीचा रंग कोणता? पोरांना ते फार आवडलं. जो तो डोळे फाडून बघायला लागला. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, बाकीच्या शिक्षकांनीही ती युक्ती उचलली. मी हवेतच होते.

फक्त रेणुका कधी रंग सांगायची नाही. ‘हजर’ मात्र अकराच्या ठोक्याला! दुष्काळात मेंढरं विकून पिशोरकडून इथं आलेलं घर, बाप वाळूजला कंपनीत. मला वाटलं, फोन चालू ठेवून पोरगी उंडारतेय. मला बनवतेय — मला!

एके दिवशी सगळ्यांदेखत म्हटलं, रेणुका, कॅमेरा लाव. आत्ताच्या आत्ता.

कॅमेरा लागला. कंपनीच्या कँटीनमध्ये निळ्या शर्टातला एक माणूस. शेजारी न उघडलेला डबा, मांडीवर वही.

“मॅडम, घरात फोन एकच हाय, त्यो मह्यासंगं येतो. जेवायच्या सुट्टीत तुमचं समदं लिहून घेतो. घरी गेल्यावर रेणी वाचती.”

खाली मान घालून लिहिणाऱ्याला साडी कुठून दिसणार? अख्ख्या वर्गात माझा शब्द न् शब्द ऐकणारा तो एकटाच होता. हे मला तिथल्या तिथं कळलं. कळलं — आणि तरीही? पोरं खिदळत होती. माझं चुकलं म्हणायची लाज वाटली. सातवीच्या पटावर बापाचं नाव नाही, असं म्हणून मी तो नंबर ग्रुपमधून काढून टाकला. मुख्याध्यापकांना सांगितलं, पालक स्वतःच बाहेर पडले, त्यांना शिक्षणाची आस्था नाही.

इथवरचं कदाचित मी कुणाला तरी सांगितलंही असतं. पुढचं — नाही.

शाळा पुन्हा उघडली. निरोप ग्रुपवरच गेला. आठेक दिवसांनी सकाळी आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला, रांगेत रेणुका होती. मला बघताच हंडा खाली ठेवून धावत आली.

“मॅडम, शाळा कधी उघडणार हाय?”

कुठले वर्ग सुरू, कुठले बंद, असा सगळा घोळ होता तेव्हा. तिला कळलंच नव्हतं. मी शाळेतच निघाले होते. ती आली, तर ग्रुप का सोडला म्हणून मुख्याध्यापक विचारणार, आणि ती खरं सांगणार. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच. दुसरं काहीही नाही.

“अजून नाही गं,” मी म्हटलं. “कळवते मी.”

“बरं मॅडम,” म्हणून ती खुशीत रांगेत परत गेली. तिला माझा जरासुद्धा संशय आला नाही.

महिन्याभरात ते घर वाळूजकडं राहायला गेलं. ती पुढं शिकली की नाही, ठाऊक नाही. मी कळवलं नाही.