पथारीवरचा अहवाल

साठच्या दशकात नंदुरबारच्या कॉलेजात मी कॉमर्सला होतो. माझं गाव दूर तापीकाठी, म्हणून राहायला नंदुरबारातल्या विधवा मावशीकडे. मावशी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली असे, आणि तिथल्या कमाईत ती मला दोन वेळा भाकरी वाढायची. मी तिच्या ओसरीवर बसून व्यवस्थापन शिकत होतो, आणि पहिल्या वर्षातच आपल्याला सगळं कळलंय अशी माझी खात्री झाली होती. दीड शहाणा म्हणतात तो मीच.

सरांनी एकदा सांगितलं, गावातल्या एखाद्या धंद्याची पाहणी करून सुधारणा सुचवा. मी मावशीचीच पथारी निवडली. तिथे बायका जोडीनं बसत. एकीनं देठ खुडायचे, दुसरीनं फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, वेचून काढायची. ढीग दोघींचा मिळून एकच. मावशीला दिसायचं कमी, पण बोटं भराभर चालायची. फटकी तिची जोडीदारीण वेचायची. श्रमविभागणीचं प्रकरण मला तोंडपाठ होतं, पण ती समोर मांडी घालून बसलेली असताना मला ओळखता आली नाही. मी लिहिलं, जोडीमुळे कामचुकार लपतात. प्रत्येकीचा ढीग वेगळा तपासावा. मावशीच्या डोळ्यांचं मला माहीत नव्हतं असं नाही. घरी तांदूळ ती मलाच निवडायला द्यायची. पण लिहिताना मला सर दिसत होते, मावशी नाही.

सरांनी अहवाल वर्गात वाचून दाखवला आणि तोच पुढे पथारीच्या मालक शेठकडे पाठवला. मी फुगलो. पंधरा दिवसांत जोड्या मोडल्या. मावशीच्या ढिगात फटकी निघू लागली, आणि शेठनं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ती घरी आली ती माझ्याच भरवशावर. "तू शिकेल शे. शेठले एक अर्ज लिखी दे, भाऊ," म्हणाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी सुबकसा विनंती अर्ज लिहून दिला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. मी ते मोजून झाल्यावर घराच्या मालकिणीला धीरही देत होतो.

दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा अर्ज तिच्या हातातच होता. चुलीपुढे बसून तिनं भाकरी थापल्या, माझं ताट वाढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेठनी तुन्हं अक्षर वळखं. पहिला कागद बी तुन्हाच व्हता म्हने."

मी उठायला लागलो. तिनं हात धरून खाली बसवलं.

"जेवी ले. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

लाजेनं मान वर होत नव्हती, पण भूकही लागली होती. मी जेवलो. तिनं ताटात दुसरी भाकरी टाकली, तीही खाल्ली.