पडवीतला बाक

केजजवळच्या एका गावात मी पाचवी ते दहावीला गणित शिकवतो. आवाज चढाच, साधं 'बस' म्हणालो तरी पोरं दचकतात. तरीही शाळा सुटली की ती माझ्या पडवीतल्या बाकावर दाटीवाटीनं बसून शंका विचारायची. बायको गेल्यावर घराला जाग होती ती तेवढीच. मागच्या वर्षापासून बाकावर धूळ बसतेय. पोरं आता मोबाईलमधल्या एआयला विचारतात.

लई राग आला. राग कसला, जिवाला लागलं. नववीच्या वर्गात सांगितलं, अभ्यासाला एआय वापरावा का, एक पान लिहून आणा, नाव घालू नका. कुणीतरी एकानं 'त्याला सरांची सर नाही' असं लिहावं, एवढीच आस होती. हाव बघा माणसाची!

निम्मी पानं एआयकडूनच उतरवलेली, तेच फायदे आणि तेच तोटे. एकानं लिहिलं होतं, ते कधीकधी बिनधास्त ठोकून देतं, उत्तर ताडून घ्यावं लागतं. शाबास, म्हटलं. मग एक पान हाती आलं. अक्षर ओळखीचं होतं. दरवर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या पोरीचं.

"सर, मी कारखान्यावरून आले की तुमी सगळ्यांदेखत विचारता, इतके महिने कुठं होतीस. तुमाला ठाऊक असतंय. ते एआय तसं विचारत न्हाई. सुरुवातीपासून सांगतं."

अहो, मी ते गमतीनं म्हणायचो. परत आलेल्या प्रत्येक पोराला म्हणायचो. वर्ग हसायचा, मलाही बरं वाटायचं. ती वहीत बघत बसायची, मला वाटायचं लाजतेय. इतकी वर्षं पोरं शिकवून मला एवढं कळू नये.

दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी पान खिशात घालून तिच्या घरी गेलो, चुकलं म्हणायला. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ऊसतोडीची टोळी कालच गेली, आता उन्हाळ्यातच येतील.

घरी येऊन बाक पुसला. समोर खुर्ची टाकून बसलो. ती आल्यावर काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं.

"बस पोरी. सुरुवातीपासून सांगतो."

आवाज चढाच निघाला. पुन्हा म्हणून पाहिलं.