डावीकडे सोडलेली जागा

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याला सासरी गेले ती मोबाइल पूर्ण चार्ज करून... कारण मला होमवर्क होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी!

जळगावला, आमच्या पिंप्राळ्यातच, मी फिल्म बनवायचा छोटासा क्लास लावलाय. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. ती म्हणाली, माणूस फ्रेमच्या मधोमध बसवू नका, तो जिकडे बघतोय तिकडे जागा सोडा.

मला शाळेतल्या सिस्टर आठवल्या... वहीत डावीकडे मार्जिन सोडलं नाही, तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या.

माझा विषय ठरलेला होता. आमच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे अक्का, आणि त्यांचे खापरावरचे मांडे... हातांवर पसरवून उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या मोठाल्या पुरणपोळ्या. खांदा फार दुखतो, तेव्हा यंदाचे शेवटचे, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

पण मोबाइल दिसला की अक्का हातातलं काम थांबवायच्या. डोक्यावर पदर, गुडघ्यांवर हात, आणि ताठ बसून थेट माझ्याकडे बघायच्या...

"अक्का, काम करत राहा ना!"

"येडी शे का तू? काम करता करता कोनी फोटो काढस का?"

"काकू, आधी पावडर तरी लावू द्या आईंना," चुलीत लाकूड सारत त्यांची सून सारिका म्हणाली.

या हसण्यात पिठाचे गोळे संपत आले. एकच उरला... मग मात्र मी मोबाइल गुडघ्याआड धरून कोपऱ्यात जाऊन बसले. अक्का फ्रेममध्ये उजवीकडे, डावीकडे थोडा धूर आणि रिकामी भिंत.

मांडा त्यांच्या हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरला. आणि खांद्यातून कळ आली असावी... मांडा एका बाजूला कलला.

तेवढ्यात त्या रिकाम्या जागेतून दोन हात आत आले. सारिकाचे! "माझ्याकडून फाटतो" म्हणत दहा वर्षं खापरापासून लांब राहिलेली सारिका. अक्कांनी अलगद मांडा तिच्या हातांवर सोडला. तिने तो दोनदा फिरवला आणि खापरावर टाकला.

"फाटना का वं?"

"थोडासा..."

"फाटू दे. पोटमा जाईसन बठ्ठा एकच व्हस!"

काल क्लासमध्ये व्हिडिओ दाखवला. "मॅडम, ही एन्ट्री कशी सुचली तुम्हाला?" असं सगळे विचारत होते. मला काहीच सुचलं नव्हतं, मी फक्त मार्जिन सोडलं होतं.

लहानपणी वाटायचं, एवढी जागा उगाच वाया जाते... पण सिस्टरचं लाल शाईतलं 'गुड' नेहमी तिथेच तर यायचं.