हातात द्यायचा चेंडू

मी सोलापुरात साहेबांच्या क्लबात मार्कर होतो. मार्कर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, म्हणून सांगतो. टेनिस खेळायला आलेल्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याबरोबर खेळायचं, हे ज्याचं काम तो मार्कर. पगारी खेळाडू. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, तुटलेल्या रॅकेटी तातीनं विणायच्या, आणि ऊन उतरलं की पांढरे कपडे घालून खेळायचं. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण त्या कोर्टावर माझ्याहून चांगला खेळणारा कुणी नव्हता, गोरा नाही आणि काळाही नाही. ही फुशारकी नव्हे. होतं ते सांगतो.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली आणि बा मिलमध्ये लागला. रॅकेटची तात मेंढराच्या आतड्याची करतात. पहिल्यांदा ती विणायला घरी आणली तेव्हा बानं हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "मेंढरं सुटली, पर आतडी काय सुटंनात लेका आपल्याला." बाचं हे बोलणं चाळीत बरेच दिवस चाललं.

मार्करचं खरं काम निराळंच असतं. चेंडू मेंबराच्या हातात द्यायचा. म्हणजे तो जिथं उभा आहे तिथंच, उजव्या बाजूला, कमरेएवढा उंच, की त्यानं नुसती रॅकेट फिरवावी आणि त्याला वाटावं आज आपण छान खेळतोय. कुणाला कुठं लागतो ते पाठ असावं लागतं. रेल्वेच्या साहेबाला संथ. आमच्या देशी डॉक्टरसाहेबांना थोडं पळायला आवडायचं, पण दोनच पावलं. आणि शेवटी हरायचं. तेही सहा-चारनं. सहा-एकनं हरलं तर मेंबराला कळतं, हा मुद्दाम हरतोय. अकरा वर्षं मी सहा-चारनं हरलो.

त्या हिवाळ्यात गावातली हवा बरी नव्हती. मिल सुटली की सभा व्हायच्या, पांढऱ्या टोप्या रोज वाढत होत्या. क्लबाचं फाटक आधी दिवसभर उघडं असायचं, त्याला आता कुलूप आलं. साहेब लोक खुर्च्या फाटकाकडं पाठ करून ठेवायचे, ते आता तोंड करून ठेवायला लागले. त्यातच एक नवा तरुण साहेब बदलून आला. एका संध्याकाळी त्याच्याबरोबर खेळताना माझ्या हातून एक चेंडू जोरात गेला. त्याच्या डाव्या बाजूनं, त्यानं मान वळवायच्या आत. मुद्दाम नव्हता मारला. पण नंतर मी "सॉरी सर" म्हणायला हवं होतं, ते म्हणालो नाही. चेंडू चांगला होता. चांगल्या चेंडूची माफी कसली मागायची?

महिना गेला. मग एके दिवशी खानसाम्यानं मला स्वयंपाकघराच्या मागं बोलावलं. तो आमच्याच गावचा, जुना माणूस.

"कुछ सुन्या क्या रे? पूनासे दुसरा मार्कर बुलाए. इतवार को तुम दोनों को खेलने लगाते. जो पसंद आता, उसको रखते."

"आन् दुसरा?"

"दुसरा जाता," तो म्हणाला आणि कप पुसायला लागला.

मी हसलो. खेळून ठरवायचं असेल तर भीती कसली? पुण्याचा असो की विलायतेचा. त्याच दिवशी चाळीत जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, रविवारी मिल बंद आहे, या बघायला. कंपाउंडच्या भिंतीवरून सगळं दिसतं. अकरा वर्षांत माझा खेळ माझ्या माणसांनी कधी बघितला नव्हता. बानंही नाही. मीच बोलावलं, हे लक्षात ठेवा. पुढं कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

पुण्याचा मार्कर शनिवारी दुपारच्या गाडीनं आला. माझ्याहून वयानं मोठा, केस पिकायला लागलेले, बूट दुधासारखे पांढरे. त्याची उतरायची सोय दुसरीकडं कुठं नव्हती, म्हणून सेक्रेटरी साहेबानं त्याला माझ्याच खोलीवर पाठवलं. क्लबाच्या मागं मार्करसाठी एक पत्र्याची खोली होती, तीत मी आणि माझी बायको राहत होतो. बायकोनं त्याला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. तो अगदी सभ्य. "वहिनी, भाकरी फार छान झाली आहे," म्हणाला. जेवून हात धुतला आणि वर बघत म्हणाला, "पावसाळ्यात पत्रा गळतो का हो?"

"एका कोपऱ्यात गळतो," मी म्हणालो.

त्यानं तो कोपरा नीट बघून घेतला. मग तो कोर्ट बघायला गेला. बायको माझ्याकडं बघत उभी राहिली.

"त्यानं पत्र्याचं का इचारलं?"

"पाव्हणा हाय. काय तरी बोलायचं म्हून इचारलं."

"पाव्हणं जेवणाचं इचारत्यात. पत्र्याचं न्हाय इचारत."

मी तिला गप्प बसवलं. पण झोपेपर्यंत माझी नजर पुनःपुन्हा त्या कोपऱ्याकडं जात होती.

रविवारी ऊन कलायच्या आतच भिंत माणसांनी भरली. आमची चाळ, शेजारचे तेलंगी विणकर, बाजारातली माणसं. भिंतीबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडावरही माणसं चढली होती. बा भिंतीवर मधोमध बसला होता, नवा पटका बांधून. साहेब लोक दुसऱ्या बाजूला कनातीच्या सावलीत बसले होते. त्यांच्यातला एक जण भिंतीकडं बोट दाखवून सेक्रेटरी साहेबाला काही विचारत होता, आणि सेक्रेटरी साहेब मान हलवत होता. मार्करचा खेळ बघायला एवढी माणसं येतील असं त्याला वाटलं नसावं.

एकच सेट होता. सहा गेम आधी घेईल तो जिंकला.

सुरुवातीला काय झालं ते आज सांगायला हरकत नाही. मी मारलेला प्रत्येक चेंडू पुण्याच्या मार्करच्या हातात जाऊन पडत होता. डोकं म्हणत होतं कोपऱ्यात मार, आणि हात अकरा वर्षांचं शिकलेलं करत होता. तोही मला तसाच देत होता, उजव्या बाजूला, कमरेएवढा. चेंडू नुसता जात होता आणि येत होता. आमच्यातला कोण आधी कंटाळतो एवढंच बाकी. कंटाळत मीच होतो. तीन-एकनं मी मागं पडलो.

"आरं त्येच्या हातात का देतूस?" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं. "पाव्हणा हाय म्हून?"

"आहेर करतोय त्यो!" दुसरा.

सगळी भिंत हसली. बा हसला नाही. तो पुढं वाकून म्हणाला, "मेंढरू बी ह्याच्यापरीस नीट पळवीत हुतास की रं."

तिथं माझं डोकं तापलं. पुढचा चेंडू आला तो मी मोकळ्या कोपऱ्यात मारला. पुण्याचा मार्कर जागचा हलला नाही. रेघेवर चुना उडाला.

असा आवाज मी त्या कोर्टावर कधी ऐकला नव्हता. तिथं लोक बोटांनी टाळ्या वाजवतात. हा आवाज मिलचा भोंगा छातीत घुमतो तसा घुमला. मला तो गोड लागला. मी पुन्हा मारला. पुन्हा तो आवाज. तीन-तीन झाले, मग चार-तीन. हात मोकळा झाला होता, काही म्हणून चुकत नव्हतं.

मग भिंतीवर कुणीतरी जयजयकार सुरू केला. माझा नव्हे. सभेत करतात तो, ज्याच्यासाठी त्या दिवसांत माणसं धरून नेत होते. एकानं म्हटला, आणि माझ्या पुढच्या चेंडूला सगळ्यांनी म्हटला.

मी कनातीकडं बघितलं. कपबशा खाली ठेवल्या होत्या. नवा साहेब कोर्टाकडं बघतच नव्हता, खुर्ची वळवून भिंतीकडं बघत होता. एक मडम उठून आत निघून गेली. फाटकापाशी एक शिपाई होता, त्याच्याजवळ आणखी दोन येऊन उभे राहिले.

बाजू बदलताना मी पाणी प्यायला थांबलो. डॉक्टरसाहेब सहज आल्यासारखे माठाजवळ आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "अरे, हळू घे. काय चाललंय तुला कळतंय का?"

"म्याच जिंकतुय, डॉक्टरसाहेब."

"तेच म्हणतोय मी."

मला कळलं होतं. काहीजण म्हणतात, बिचारा अडाणी, त्याला समजलं नसेल. तसं नाही. अजून वेळ होता. दोन-चार चेंडू नेटमध्ये घातले असते, पाव्हण्याच्या हातात चार दिले असते, तर भिंत गप्प झाली असती आणि खुर्च्या पुन्हा कोर्टाकडं वळल्या असत्या. मला सगळं दिसत होतं. मी थांबलो नाही. समोर बा बसला होता.

सहा-तीन. पुण्याचा मार्कर अगदी शेवटच्या चेंडूपर्यंत माझ्या हातात देत होता. हरताना त्याच्या कपाळावर आठी नव्हती. नेटवर हात मिळवून म्हणाला, "फार सुंदर मारलंत. मला नाही जमलं कधी." त्याचा हात कोरडा होता. माझ्या हाताला घाम सुटला होता.

सेक्रेटरी साहेबानं मला व्हरांड्यात बोलावलं. रागावला नव्हता, रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"तुम बहुत अच्छा खेला," तो म्हणाला. "बहुत अच्छा. वो आदमी रहेगा. तुम जाएगा."

"मैं जीता, साहब."

"हाँ," तो म्हणाला, आणि भिंतीकडं बघितलं. लोक अजून उतरले नव्हते. "क्लब का मार्कर देखने को इतना आदमी नहीं आना मंगता. कल सुबह खोली खाली करो."

मी फाटकाबाहेर आलो तर लोक वाट बघत होते. मला बोलू दिलं नाही, उचललंच. गुलाल कुठून आणला होता कोण जाणे. खांद्यावरून मला मिलच्या रस्त्यानं चाळीकडं नेलं. खाली वाकून बघितलं तर बा बरोबर चालत होता. त्याचा पटका सुटला होता, तो हातात धरून तो वर बघत ओरडून विचारत होता, "सायेब काय म्हणला रं? ठेवला का न्हाय?"

आजूबाजूची सगळी तोंडं वर झाली.

"ठेवला की," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी चाळीतून खोलीवर परत आलो आणि बायकोनं भांडी बांधली. पुण्याचा मार्कर आमचं बांधून होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. चांगला माणूस होता. सकाळी बोचकं घेऊन बायको तिच्या आत्याकडं गेली आणि मी मिलच्या फाटकावर.

फाटकावर बदलीवाल्यांची रांग असायची. आत कुणी कामावर आलं नाही की त्या दिवसापुरतं रांगेतल्या एकाला घ्यायचे. मी टोपी कपाळावर ओढून उभा राहिलो. केसात गुलाल होता, रात्री धुऊनही निघाला नव्हता. बाची पाळी तीच आहे हे मला ठाऊक होतं. दुसरी मिल होती, तिथं जाता आलं असतं. पण तोंड लपवून दुसऱ्या दारात उभं राहायचं माझ्या मनाला येईना.

बा भाकरीचं फडकं घेऊन आला. रांगेजवळून पुढं गेला, थांबला, मागं आला. माझ्याकडं बघितलं, केसांकडं बघितलं. आत गेला नाही. तिथंच बाजूला उभा राहिला.

मग माणसं निवडणारा जॉबर रांग बघत बघत माझ्यापाशी आला.

"काल त्या क्लबात जितला त्यो तूच न्हवं? मग हितं काय करतूस?"

बा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"तितं आता माझ्यासंगं खेळाय कुणी उरलं न्हाय," मी म्हणालो.

रांगेतली माणसं हसली. जॉबर हसला नाही. त्यानं माझा उजवा हात धरून उलटा केला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं दाबून बघितले, मला रांगेतून बाहेर घेतलं, आणि बाला विचारलं, "तुझाच का ह्यो?"

"व्हय," बा म्हणाला, "माझाच हाय," आणि माझ्या पुढं आत गेला.