सोडा आणि कढत पाणी

इस्त्री तापली का हे ताई ओलं बोट लावून बघायची. प्रत्येक कॉलर आधी हुंगायची. ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘उभी आहे’ म्हणायची. चहा गार होईपर्यंत हात लावायची नाही, मग गार झाला म्हणून कुरकुरायची. लाँड्री दोघांची असूनही थोरल्या भावाला, दादाला, ‘मालक’ म्हणायची. कुत्र्याला ‘म्हातारा’ म्हणायची, तेही तो पिल्लू असल्यापासून. माझ्या हातात पुस्तक दिसलं की विचारायची, “यातली माणसं कामाला जातात का, की नुसतीच झुरतात?”

मी साहित्य शिकलेली. बाबांचे शर्ट द्यायला गेले आणि त्या तापलेल्या खोलीत बसायची सवय लागली. ताईचं वय माझ्या दुप्पट. तरी मैत्रीण म्हणावी अशी तीच.

लाँड्रीच्या मागे कपडे वाळत घालायचं अंगण. निम्म्यात फरशी, निम्म्यात माती. म्हातारा तिथेच राहायचा. अलीकडे त्याला दिसत नव्हतं आणि लघवी कधी झाली हेही कळत नव्हतं. ऊन चढलं की दर्प उठायचा. तो वाळत्या कपड्यांना लागला. एका लॉजने धुतलेल्या चादरींचं गाठोडं परत पाठवलं.

दादाने ते तिच्या टेबलावर आदळलं.

“रविवारपर्यंत वास गेला पाहिजे. नाहीतर कुत्रा जाईल.”

“कुठे?”

“कुठेही. लोक सोडून येतातच की गावाबाहेर.”

“आंधळ्याला?”

“वास कुणाला आंधळा-डोळस बघून येत नाही.”

“बरं. आणि मालक, तुमच्या मोज्यांना कधीपर्यंत मुदत?”

दादा हसला नाही. तीही हसली नाही.

फिनेल तिने आणू दिलं नाही. म्हातारा पंजे चाटायचा, त्याच्या पोटात गेलं असतं. लघवीची चादर धुतात तसंच अंगण धुवायचं, असं तिने ठरवलं. गार पाणी. मग पाणी घातलेलं व्हिनेगर. थोडं थांबायचं. पुन्हा गार पाणी. फरशीच्या सांधी तिने गुडघ्यांवर बसून ब्रशने घासल्या. मातीचा वरचा थर फावड्याने काढला, खालची माती उलथून उन्हाला दिली, वर कोरडी माती आणि कुजलेल्या पाल्याचं खत पसरलं. सुताराकडून भुसा आणून दारामागे म्हाताऱ्यासाठी जागा केली. काम टाकून त्याला तिथे नेऊन उभा करायची. झालं की ओला भुसा उचलायची. मी बादल्या भरून दिल्या. एकदाही ‘बरं झालं आलीस’ म्हणाली नाही.

दादा दारात येऊन हुंगायचा.

“येतोय अजून.”

“मिशी धू.”

शुक्रवारी मी वाकून नाक जमिनीला लावलं. फक्त मातीचा वास आला. नळाजवळचा कोपरा तेवढा राहिला होता. म्हाताऱ्याची सगळ्यात जुनी जागा. “उद्या तो,” ताई म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने लॉजच्या चादरी पुन्हा धुऊन तारेवर टाकल्या आणि इस्त्रीला उभी राहिली. मी पोचले तेव्हा रस्त्यावरच डोळे चुरचुरले. अंगणात ताई नाकाला पदर लावून उभी होती. कोपऱ्यावर धुण्याचा सोडा पसरलेला, त्यावर भट्टीवरचं कढत पाणी ओतलेलं. वाफ निघत होती. वर चादरी. दादा रिकामी बादली घेऊन उभा होता.

“तुला मदतच केली,” तो म्हणाला.

“लघवीच्या चादरीवर कधी सोडा आणि कढत पाणी घातलंयस? वास उसळतो आणि मुरून बसतो.”

“ही चादर नाहीये. जमीन आहे.”

“आईने तुला पहिली थोबाडीत कशासाठी मारली होती, दादा?”

तो वर चादरींकडे बघू लागला.

“याच्यासाठीच मारली होती. तेव्हापासून तुला माहितीये.”

“मळ दिसला की सोडा टाकतो मी. जन्मभर तेच केलं. हाताला आला, टाकला.”

“तुला माहीत होतं.”

दादाने बादली खाली ठेवली. “उद्या रविवार आहे,” तो म्हणाला.

मला राहवलं नाही. “ताई, चुकून झालं असेल.”

ती माझ्याकडे वळली. “तुला सगळ्यांचीच बाजू दिसते. म्हणून तू कुणाच्या उपयोगाची नाहीस.”

तिने म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरी बांधली. दुकानातून जाताना इस्त्री बंद केली. कुत्रा दोनदा टेबलाच्या पायाला धडकला. दोन्ही वेळा ती थांबली.

“नाटकं पुरे!” दादा ओरडला. “इस्त्री कोण करणार?”

“मालक करतील.”

त्यानंतर ती आली नाही. कुठे आहे, कुणाला माहीत नाही. फोन लागत नाही. मी लिहायला बसते आणि तिने मला ऐकवलेलं ते एकच वाक्य ऐकू येतं, ‘कुणाच्या उपयोगाची नाहीस.’

इस्त्री आता दादा करतो. कॉलरी वाकड्या होतात. “येईल. जातेय कुठे?” म्हणतो. चादरी वाळवायला तो गच्चीवर नेतो, कारण कुत्रा गेला तरी दुपारी नळाजवळून तो वास अजून उठतो. त्या कोपऱ्यात शुक्रवारी अंधार पडायच्या आधी ताईने फावड्याचे दोन घाव घातले होते. तेवढीच माती उलथलेली आहे.