कुलूप बाहेरून होतं
नंदुरबारच्या वकीलबाईंनी आधी विचारलं, “लग्नाला वर्ष झालं का?”

“नाही अजून,” आप्पा, माझे वडील, म्हणाले.

“मग थांबा. वर्षाच्या आत घटस्फोटाचा अर्ज करायचा तर कोर्टाची वेगळी परवानगी लागते. आणि कारण काय लिहू?”

“जमत नाही,” मी म्हणाले. घरीही एवढंच सांगितलं होतं.

“न जमणं हे कायद्यातलं कारण नाही, ताई. छळ, दुसरी बाई, दोन वर्षं टाकून देणं, असं काही लागतं. दोघं राजी असाल तर गोष्ट वेगळी.”

तो राजी नव्हता.

“मारतो?”

“नाही.”

“दारू?”

“नाही.”

आप्पा शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर मी नवऱ्याचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. खाली बघत मी सांगितलं. सुरतेला कामावर जाताना तो खोलीला बाहेरून कुलूप लावायचा आणि माझा फोन बरोबर न्यायचा. संध्याकाळी येऊन उघडायचा. “बाई घरात बरी,” म्हणायचा. संडास चाळीच्या टोकाला होता. एवढं बोलून मी थांबले. पुढचं सांगावं लागलं नाही. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तू आरडी का नही, बेटा?” आप्पांनी विचारलं.

मी बी.एड. झालेली बाई. पण त्या चाळीत निम्मी माणसं आपल्याच खान्देशातली. ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं. ते कळण्यापेक्षा आत बसणं मला सोपं वाटलं.

वकीलबाई म्हणाल्या, “हा छळच आहे. माहेरी राहता, म्हणून अर्ज इथेच करता येईल. फक्त साक्षीदार बघा.”

वर्ष पूर्ण होईपर्यंत मी घरातून फारशी निघाले नाही. लग्नकार्याला आई एकटी जायची, आणि माझी तब्येत बरी नसल्याचं सांगायची. साक्षीसाठी चाळीतल्या शेजारच्या मावशींना विचारायचं होतं, पण फोन लावायचं धाडस मला झालं नाही. शेवटी आप्पाच सुरतेला जाऊन आले.

साक्षीच्या दिवशी मावशी रेल्वेने आल्या. पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “कुलूप मी रोज पाहायचे, साहेब. दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, म्हणून बोलले नाही.” आणि त्या रडायला लागल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मग नवऱ्याच्या वकिलाने मला विचारलं, “खोलीला खिडकी होती ना? मग हाक का मारली नाही?”

“लाज वाटली.”

“कुणाची?”

मला सांगता येईना. न्यायाधीश साहेबांनी ‘लाज वाटली’ एवढंच उत्तर लिहून घ्यायला लावलं.

पुढे बऱ्याच तारखा पडल्या. शेवटी छळाच्या कारणावरून घटस्फोट मंजूर झाला. त्या दिवशी कोर्टाच्या फाटकापाशी शहाद्याकडचे एक नातेवाईक भेटले.

“इकडे कसं काय?” त्यांनी आप्पांना विचारलं.

“मन्ही पोरना घटस्फोट झाया,” आप्पा म्हणाले. “जवाई तिले कोंडी ठेवे.”

चहाच्या गाडीवरची माणसं वळून पाहू लागली. आप्पांनी जरा हळू बोलावं असं मला वाटलं. मी पदर डोक्यावर ओढला आणि आप्पांच्या मागे उभी राहिले.